घरगुती यंत्रविद्या : निजलेली मोटार जागी करतांना

सांगलीहून एका भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. पत्र चांगलें चार पानांचें आहे. पण त्याचा मथितार्थ थोडक्यांत असा. त्यांच्या मामंजींची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी गाडी गेलीं तीन वर्षें घरामागील शेडमध्यें उभी आहे. मामंजी हयात असतांना गाडीस दुसऱ्या कोणीं हात लावलेला त्यांना खपत नसे. ते गेल्यावर कोणीं लावलाही नाहीं. आतां भंगारवाला दारीं दोनदां येऊन गेला आहे. एका कारागिरानें बॉनेट उघडतांच ‘इंजिनच बदला’ असा निकाल दिला. चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकत आहेत आणि त्यांचा हट्ट असा कीं, गाडी आपण घरींच सुरू करूं. सासूबाई या बाबतींत कांहींच बोलत नाहींत. मात्र रोज तिन्हीसांजेला शेडमधील दिवा त्या न चुकतां लावतात. गाडीच्या खणांत मामंजींच्या हातची एक वही सांपडली असून तींत पेट्रोल, वंगण, प्लग यांच्या तारीखवार नोंदी आहेत. ‘हें काम आम्हांस झेपेल काय, आणि झेपणार नसेल तर गाडी देऊन टाकावी काय?’ असें बाईंनीं विचारलें आहे.

या प्रश्नाचें उत्तर आम्ही लेखाच्या शेवटीं देऊं, कारण तें गाडीनेंच द्यावयाचें आहे. तें तिच्याकडून कसें काढून घ्यावें, हें आज सांगावयाचें. अशा गाड्या महाराष्ट्रांतील कितीतरी घरीं अद्याप उभ्या आहेत. मुंबईच्या कुर्ल्यास प्रीमियर कंपनीच्या कारखान्यांत फियाट ११०० ची जुळणी १९५४ च्या सुमारास सुरू झाली. तिचेंच पुढील रूप १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ या नांवानें आलें आणि चालू शतकाच्या आरंभीं तें बंद झालें. १०८९ घन सेंटिमीटरचें, चार नळकांड्यांचें हें इंजिन इतकें सरळ आहे कीं, चार पाने आणि थोडी सबुरी असलेल्या कोणाही शहाण्या माणसास तें उमजावें. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निवृत्त झाली. म्हणजे तिच्या हातवळणीचे कारागीरही आतां दिवसेंदिवस विरळ होणार. घरच्या माणसांनीं ही विद्या शिकण्याचें तेवढेंच कारण पुरें आहे.

प्रथम किल्ली फिरवूं नका

तीन वर्षें निजलेल्या इंजिनाची किल्ली उत्साहाच्या भरांत फिरविणें, हा सर्वांत मोठा प्रमाद होय. इतक्या काळांत नळकांड्यांच्या भिंतींवरील तेलाचा थर ओघळून खालीं गेलेला असतो, दट्ट्याच्या कड्यांस गंज धरलेला असतो. अशा स्थितींत इंजिन बळेंच फिरविलें तर कोरड्या धातूवर कोरडा धातू घासतो, आणि जें काम शंभर रुपयांच्या तेलांत झालें असतें तें सहस्रावधि रुपयांवर जातें.

म्हणून आधीं बॅटरी सोडवून बाहेर काढावी. तिचें निराळें औक्षण करावयाचें आहे. मग चारही प्लगच्या तारांवर चिकटपट्टी लावून १ ते ४ असे आंकडे घालावे. या इंजिनांत ठिणगी १-३-४-२ या क्रमानें पडते. तारांची अदलाबदल झाली तर गाडी खोकते, उलट फटाके मारते, आणि दोष कोठें आहे हें शोधण्यांत रविवार जातो. आतां प्लग काढून प्रत्येक छिद्रांत चहाचा एक चमचा इंजिनाचें तेल घालावें आणि रात्रभर तसेंच राहूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं, प्लग बाहेरच असतांना, गाडी चौथ्या गियरमध्यें घालून हळूच पुढें ढकलावी. इंजिन फिरलें तर निम्मी लढाई जिंकली. न फिरलें तर जोर करूं नये. पुन्हां तेल घालून आणखी दोन दिवस थांबावें.

या थांबण्याच्या दिवसांत इतर कामें उरकावीं. हवेच्या गाळणीचा डबा अवश्य उघडून पाहावा. उंदरांस ती जागा बाळंतपणासाठीं फार पसंत असते. इंजिनाचें जुनें तेल काढून नवें भरावें. रेडिएटरांतील तांबूस पाणी सोडून द्यावें. पेट्रोलच्या टांकीचें झांकण उघडून वास घ्यावा. ताज्या पेट्रोलचा तिखट वास न येतां शिळ्या वार्निशासारखा वास आला, तर तें पेट्रोल सर्व काढून टाकलें पाहिजे.

येथें एक नवी गोष्ट ध्यानीं धरावी. आपल्या देशांत पेट्रोलांत मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचें प्रमाण २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर नेण्यांत आलें. पद्मिनी जन्मली तेव्हां तिच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा यांना या द्रव्याची ओळख नव्हती. इथेनॉल जुनें रबर फुगवितें, हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि पाणी फार झालें म्हणजे त्यासह टांकीच्या तळाशीं वेगळें होऊन बसतें. तरी पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या नव्या आणून बसवाव्या. ही काटकसरीची जागा नव्हे. तडकलेल्या नळींतून पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकलें तर काय होतें, हें सांगावयास नको. काम चालू असतां जवळ आग विझविण्याचें नळकांडें ठेवावें. देवघरांतील समई आणि शेडमधील तो संध्याकाळचा दिवा तेवढा वेळ दूर असावा.

इंजिनास काय हवें असतें

इंजिन सुरू होण्यास चार गोष्टी लागतात : हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, तें कोंडून धरण्यापुरता दाब, सशक्त ठिणगी, आणि ती पडण्याची नेमकी वेळ. स्वयंपाकाची उपमा द्यावयाची तर जिन्नस, झांकण, विस्तव आणि वेळ. वजनानें पाहतां एक भाग पेट्रोलास सुमारें पावणेपंधरा भाग हवा लागते. मिनिटास तीन हजार फेरे घेणाऱ्या या इंजिनांत दर सेकंदास शंभर ठिणग्या पडतात. कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टांचे कित्येक हजार व्होल्ट करते तेव्हां कोठें ती ठिणगी प्लगच्या फटींतून उडी मारते.

आतां निदान. किल्ली फिरविल्यावर इंजिन कण्हत, मंद फिरत असेल तर दोष बहुधा बॅटरींत किंवा तिच्या जोडांवर बसलेल्या पांढऱ्या क्षारांत असतो. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असतांना सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. क्षार गरम पाण्यांत सोडा घालून धुवावे आणि जोड कोरडे करून घट्ट आंवळावे. इंजिन झपाट्यानें फिरतें पण पेटत नाहीं, तर ठिणगी नाहीं किंवा पेट्रोल नाहीं. पेट्रोल पोहोंचतें कीं नाहीं तें कार्ब्युरेटरच्या तोंडांत पाहून कळतें : हवेची गाळणी काढावी आणि हातानें ॲक्सिलरेटरची दांडी ओढावी, आंत बारीक धार उडाली तर पेट्रोल आलें आहे. ठिणगी पाहावयाची तर एक प्लग काढून, तारेस जोडून, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या अंगास टेकवावा आणि दुसऱ्यानें किल्ली फिरवावी. निळी, तडतडणारी ठिणगी निरोगी. पिवळी व मरगळलेली असेल तर पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइल पाहावी. तार हातानें धरूं नये, आणि जवळपास पेट्रोल सांडलेलें असतां हा प्रयोग मुळींच करूं नये.

पावसाळ्यांतील रुसव्याचें कारण पुष्कळदां निराळेंच असतें. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपींत आंतून दमटपणा धरतो आणि वीज प्लगकडे न जातां त्या ओलाव्यावरून पळून जाते. टोपी काढून कोरड्या फडक्यानें आंतबाहेर पुसली कीं, ढकलून ढकलून थकलेल्या मंडळींच्या देखत गाडी पहिल्या किल्लीस सुरू होते. टोपीवर केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर मात्र ती टोपी बदलावी.

सुरू करण्याची रीत

थंड गाडीस चोक पूर्ण ओढावा, ॲक्सिलरेटर एकदोनदां दाबून सोडावा आणि किल्ली फिरवावी. एका दमांत दहा सेकंदांहून अधिक फिरवूं नये; मध्यें अर्ध्या मिनिटाची विश्रांति द्यावी, म्हणजे स्टार्टर तापत नाहीं आणि बॅटरी सांवरते. इंजिन धरल्यावर चोक हळूहळू आंत ढकलावा. तो ओढलेलाच ठेवून मंडईपर्यंत जाऊन येणारे महाभाग आम्हांस ठाऊक आहेत. जादा पेट्रोल नळकांड्यांतील तेल धुवून काढतें, हें त्यांच्या गांवींही नसतें.

तापलेल्या गाडीस चोक लावूं नये. ॲक्सिलरेटर अर्धा दाबून तसाच धरावा. पेट्रोलचा उग्र वास सुटला असेल तर इंजिन ‘भिजलें’ आहे असें समजावें. अशा वेळीं चोक बंद ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा, तो न सोडतां किल्ली फिरवावी. येथें वारंवार पाय मारणें म्हणजे बुडत्याच्या तोंडांत आणखी पाणी ओतणें. वैशाखांत खंबाटकीचा घाट चढतांना गाडी अकस्मात् थांबली, तर नळींतील पेट्रोलची वाफ झालेली असते. गाडी कडेला घ्यावी, बॉनेट उघडावें, पंपावर ओला रुमाल ठेवावा आणि डबा उघडून फराळ करावा. तो आटपेपर्यंत पंप निवतो.

एक अनुभव

पुढील मजकूर आम्ही मुद्दाम लिहीत आहों, जरी त्यांत आमची शोभा नाहीं. कित्येक वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांतील एका पहांटे आम्ही व आमचे धाकटे बंधू आमच्या तीर्थरूपांच्या अशाच गाडीचें इंजिन ‘लावीत’ होतों. शेजारच्या आजींनीं आवाजाची व धुराची तक्रार केली, म्हणून आम्हीं शेडचें दार ओढून घेतलें. इंजिन इतकें सुरेख चाललें होतें कीं, कान त्याजकडेच लागलेले. बंधू म्हणाले, ‘दादा, जरा बसतों, डोकें जड झालें आहे.’ आम्हांसही डोक्यांत ठणका जाणवत होता. तो जागरणाचा असें आम्ही समजलों. इतक्यांत वहिनी चहास बोलवावयास आल्या आणि त्यांनीं दार उघडलें. बंधू भिंतीस टेकून बसले होते ते उठूं शकत नव्हते. आम्हांस ‘काय झालें’ एवढेंही धड बोलवेना. वहिनींनीं आधीं किल्ली बंद केली, मग दोघांस ओढून अंगणांत आणलें. पुढील दोन दिवस इस्पितळांत गेले. दैव बलवत्तर म्हणून आम्ही आज हें सदर लिहीत आहों.

इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस वास नाहीं, रंग नाहीं. रक्तांतील जें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें, त्यास हा वायु प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. परिणामीं माणूस मोकळा श्वास घेत असतांही आंतून गुदमरतो, आणि गुदमरत असल्याची जाणीव त्यास होत नाहीं. म्हणून इंजिन चालवून करावयाचें प्रत्येक काम उघड्या अंगणांत करावें. दार उघडें ठेवलें आहे, खिडकी आहे, दोनच मिनिटांचें काम आहे, या सबबी चालावयाच्या नाहींत. आणि हें काम एकट्यानें करूं नये. घरांतील कोणी तरी अधूनमधून हांक मारीत राहावें.

इंजिन ‘लावणें’

गाडी सुरू होऊन एकसारखी चालूं लागली म्हणजे तिचा सूर जुळवावयाचा. या कामांत क्रम फार महत्त्वाचा आहे : आधीं झडपांच्या फटी, मग पॉइंट, मग प्लग, मग ठिणगीची वेळ, आणि सर्वांत शेवटीं कार्ब्युरेटर. नवशिका नेमका उलट जातो. कार्ब्युरेटरचे स्क्रू समोर दिसतात आणि फिरवितांच आवाज बदलतो, म्हणून तो तेथेंच रमतो. दोष ठिणगींत असतो आणि बिचाऱ्या कार्ब्युरेटरचा सूर मात्र कायमचा बिघडतो.

झडपांच्या फटी इंजिन थंड असतांना, गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापाच्या पट्टीनें तपासाव्या. पॉइंट खडबडीत झाले असतील तर बदलणें उत्तम. त्यांची फट, ते पूर्ण उघडलेले असतांना, साधारणतः ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवतात. प्लगची सुमारें ०.६. सांगलीच्या भगिनींस आम्ही असें सुचवूं कीं, मामंजींच्या वहींत हीं मापें असतील तर पुस्तकाबरोबर तींही ताडून पाहावीं; एकाच गाडीशीं आयुष्य काढलेल्या माणसाच्या नोंदींस किंमत असते.

प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. वैद्य जशी जीभ पाहतो तसा प्लग पाहावा. खरपूस भाजलेल्या रव्यासारखा रंग असेल तर प्रकृति उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होतें. काळा व तेलकट असेल तर दट्ट्याच्या कड्यांतून किंवा झडपांजवळून तेल चढत आहे. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडत आहे किंवा ठिणगी अवेळीं पडत आहे. इथेनॉलास जळण्यासाठीं पेट्रोलाहून कमी हवा पुरते. म्हणून मिश्रित पेट्रोलावर जुन्या मापाचें मिश्रण पातळ पडतें आणि प्लग पूर्वीपेक्षां फिके दिसूं लागतात, हेंही ध्यानांत असावें.

ठिणगीची वेळ बारा व्होल्टांच्या साध्या दिव्यानें जुळवितां येते. पहिल्या नळकांड्याचा दट्ट्या दाबाच्या फेरींत आणून चाकावरील खूण पुस्तकांत सांगितलेल्या जागीं आणावी. दिव्याची एक तार डिस्ट्रिब्यूटरला कॉइलकडून येणाऱ्या बारीक तारेच्या जोडास, दुसरी गाडीच्या अंगास लावावी आणि किल्ली चालू करावी. स्टार्टर मात्र लावूं नये. डिस्ट्रिब्यूटरचा पेंच सैल करून तो किंचित् किंचित् फिरवावा. पॉइंट मिटलेले असतात तोंवर दिवा विझलेला राहतो. ते उघडतात त्या क्षणीं पेटतो. जेथें दिवा नुकताच पेटतो तेथें पेंच आंवळावा. रस्त्यावर चढ चढतांना इंजिनांतून कांचेच्या गोट्या खळखळल्यासारखा आवाज आला तर ठिणगी फार लवकर पडते आहे असें समजून अगदीं थोडी मागें घ्यावी.

आतां कार्ब्युरेटर. इंजिन चांगलें तापवून, चोक पूर्ण आंत असतांना, मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आंत फिरवावा. इंजिन अडखळूं लागलें कीं थांबावें. मग बाहेर फिरवावा. प्रथम गति वाढेल, पुढें आवाज जड व लंगडा होईल. या दोहोंमध्यें जेथें इंजिन सर्वांत वेगानें आणि एकसारखें चालतें ती त्याची जागा. गति फार वाटल्यास ती दुसऱ्या स्क्रूनें कमी करावी. तंबोरा लावणाऱ्या घरांत याहून अधिक सांगण्याची जरूर नाहीं.

ज्यांच्या दारीं हल्लींच्या इंजेक्शनच्या गाड्या आहेत त्यांनीं मात्र यांतील पॉइंट-कार्ब्युरेटरचा भाग वाचनापुरताच घ्यावा; त्यांत तें काम संगणक करतो. आपण बॅटरी, हवेची गाळणी आणि प्लग एवढेंच पाहावें.

बाईंच्या प्रश्नाचें उत्तर

इंजिन बदलावयाचें कीं नाहीं, हें बॉनेट उघडून सांगतां येत नाहीं. दाब मोजण्याचें घड्याळ प्लगच्या छिद्रांत लावून चारही नळकांडीं तपासावीं. चारही आंकडे एकमेकांजवळ असतील तर इंजिनांत जीव आहे. एखादा फार खालीं असेल, तर त्या छिद्रांत थोडें तेल घालून पुन्हां मोजावा : आंकडा वाढला तर कड्या झिजल्या, न वाढला तर झडप बसत नाहीं. दोन्ही गोष्टी दुरुस्त होण्याजोग्या आहेत. खरी परीक्षा इंजिनाची नव्हेच. गाडीखालीं सतरंजी घालून चिरंजीवांस निजवावें आणि पत्रा व चेसिसचे पट्टे पेंचकसानें टोंचून पाहावयास सांगावें. पेंचकस आरपार जात असेल, तर आम्ही कष्टानें सांगूं कीं, मोह आंवरावा. कुजलेल्या अंगांत धडधाकट इंजिन बसवून कोणाचें कल्याण होत नाहीं. पत्रा धड असेल तर भंगारवाल्यास परत पाठवावें.

तथापि रस्त्यावर नेण्यापूर्वीं ब्रेक जाणत्या कारागिराकडून उघडवून घ्यावे. ब्रेकचें तेलही ओलावा शोषतें. आंतील रबरें तीन वर्षांत निकामी झालेलीं असतात. सुरू न होणारी गाडी फार तर फजिती करते. न थांबणारी गाडी घात करते. टायर वरून नवे दिसले तरी वयानें तडकलेले असतात, तेही पाहावे. पंधरा वर्षांवरील खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते. तो कागदही मुदतींत आहे ना, हें पाहावें.

आणि एक विनंती. काम चिरंजीवांनीं करावें हें योग्यच. परंतु बाईंनींही पदर खोचून शेजारीं उभें राहावें, वही हातीं घ्यावी, आणि मामंजींच्या शेवटच्या नोंदीखालीं आजची तारीख घालून पुढील नोंद आपल्या हातानें करावी. गाडी प्रथम सुरू होईल तेव्हां सासूबाईंस अंगणांत खुर्ची टाकून बसवावें. किल्ली त्यांच्याच हातीं द्यावी, कीं त्यांनीं नुसतें ऐकावें, हें त्यांच्या मनावर सोपवावें. गाडी राहो अथवा जावो, काय निष्पन्न झालें तें आम्हांस अवश्य कळवावें. वाचकांसही तें जाणून घेण्याची उत्कंठा राहील.

पुढील महिन्यांत बॅटरीची निगा व उन्हाळ्यांतील दूरच्या प्रवासाची पूर्वतयारी यांविषयीं लिहूं.